तवा जास्त गरम, तरी थेंबाला जास्त आयुष्य!

लोखंडी तवा तापला, की आई किंवा बाबा त्यावर पाणी शिंपडून बघतात. चुर्र! थेंब जागच्या जागी आटतो. आता तवा आणखी बराच तापू द्या आणि त्यांनाच पुन्हा पाणी शिंपडायला सांगा. (तुम्ही लांबूनच बघायचं हं!) या वेळी चुर्र नाही, काही नाही. थेंबांच्या गोल गोळ्या होतात, त्या तवाभर सैरावैरा पळतात आणि चांगल्या टिकतात!

असं का? तवा जास्त तापला तर थेंब लवकर आटायला हवा ना?

योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचा छडा लावायचं ठरवलं. त्यांनी लोखंडी चमचा निखाऱ्यांवर लाल होईपर्यंत तापवला, त्यात पाण्याचा थेंब सोडला आणि लंबकाच्या झोक्यांवर वेळ मोजली. थेंब अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकला! चमचा निवत गेला, तसे पुढचे थेंब मात्र भराभर आटले. हे सगळं त्यांनी १७५६ मध्ये लिहून ठेवलं.

गुपित आहे वाफेत. धातू सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला, की थेंब टेकताक्षणी त्याच्या खालच्या बाजूची वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या पातळ गादीवर तरंगतो. वाफेतून उष्णता पाण्यापेक्षा कितीतरी सावकाश जाते. म्हणजे तवा रागाने लाल झाला, तरी थेंबापर्यंत त्याची धग नीट पोहोचतच नाही!

पण पोहोचते तरी किती? ते मोजलं जपानच्या शिरो नुकियामा यांनी, १९३४ मध्ये. त्यांनी पाण्यात बारीक तार बुडवून तिच्यातून वीज सोडली. किती वीज लागली यावरून पाण्याला मिळणारी उष्णता कळते आणि तारेचा विद्युतरोध किती बदलला यावरून तारेचं तापमान. आहे ना नामी युक्ती?

पाणी १०० अंशांना उकळतं. तार ११० अंशांवर असताना जेवढी उष्णता पाण्यात जाते, तिच्या दुप्पट १२० अंशांवर जाईल, असं वाटतं ना? छे! ती जाते जवळजवळ आठपट! कारण बुडबुडे खूप वाढतात आणि प्रत्येक बुडबुडा वर जाताना पाणी घुसळून काढतो. १३० अंशांच्या आसपास तर कमालच होते: नखाएवढ्या १ चौरस सेंटीमीटर जागेतून सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता!

चला, हिशोब करू. उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२५७ ज्यूल लागतात. २२५७ भागिले १००, म्हणजे साधारण २३ सेकंद. तेवढ्याशा जागेवर १ ग्रॅम पाणी २३ सेकंदांत गायब!

याच्या पुढे बुडबुडे इतके दाटतात, की एकमेकांत मिसळून त्यांचा सलग थर होतो. मग त्याच जागेतून सेकंदाला जेमतेम दोन-तीन ज्यूल जाऊ शकतात, आणि त्याच १ ग्रॅमला सुमारे पंधरा मिनिटं लागतात! नुकियामांच्या तारेत वीज तर वाहतच होती. उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळेना, म्हणून तार एकदम भडकून तापली. निक्रोमची तार वितळून गेली, प्लॅटिनमची टिकली.

म्हणूनच हा हिशोब फार मोलाचा आहे. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ मध्ये भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची रचना अशी, की इंधनाच्या कांड्यांभोवतीच पाणी उकळतं. कांड्यांवर वाफेचा थर धरला, तर त्या भलत्याच तापतील. त्यामुळे उष्णता त्या कमाल आकड्याच्या बरीच खाली राहील, याची काळजी अभियंते आधीच गणित मांडून घेतात. भांडंभर पाण्यातला बुडबुडा समजला, म्हणून एवढी मोठी भट्टी सुरक्षित चालवता येते!

आता वही-पेन्सिल घ्या. १ चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला ५० ज्यूल जात असतील, तर उकळत्या २ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला किती सेकंद लागतील? उत्तर काढा आणि मित्र-मैत्रिणींनाही हे कोडं घाला!