ओल्या मातीतला जाळ

चैत्र सरत आला की आसामात वादळांचे दिवस येतात. दुपारी हवा दाटते, वायव्येकडून काळोख चढत येतो आणि तासाभरात केळी आडव्या होतात, घरांवरचे पत्रे निघतात. या वादळाला तिथे बोर्दोइसिला म्हणतात. बिहूच्या सुमारास ती माहेरी निघते आणि तिच्या लगबगीने एवढी उलथापालथ होते, अशी लोकांची कल्पना. वादळांमागून पावसाळा येतो आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. याच मुलखात, घरामागच्या परसात, सुपारी आणि बांबूंच्या आडोशाला जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांपैकी एक पिकते. आसामात ती भूत जोलोकिया, नागालँडात राजा मिर्चा आणि मणिपुरात उमोरोक.

अलीकडे मुंबईच्या बाल्कन्यांत, कोकणातल्या अंगणांत आणि गोव्यातही हौशी लोक या मिरचीचं बी लावू लागले आहेत. उन्हाळाभर रोप तरारतं. मृगाचा पाऊस लागतो आणि आषाढ संपेपर्यंत झाड मान टाकतं. मग निष्कर्ष निघतो की आपल्याकडे पाऊस फार, ही मिरची इथली नव्हे. मला हा निष्कर्ष मुळातूनच पटत नाही. तेजपूरला, चेरापुंजीच्या आसपासच्या डोंगरांत, नागा टेकड्यांवर जे झाड पावसात उभं राहतं, ते रत्नागिरीत पावसानेच मरतं हे म्हणणं अपुरं आहे. मरण्याचं कारण पावसापेक्षा कुंडीत शोधायला हवं.

आधी तिच्या तिखटपणाबद्दल. 2000 साली तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी या मिरचीचा तिखटपणा 8,55,000 स्कोव्हिल एकक असल्याचं नोंदवलं. जगाला ते चटकन पचलं नाही. पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात पॉल बॉसलंड यांनी बी लावून, झाडं वाढवून पुन्हा मोजणी केली. आकडा निघाला 10,01,304. 2007 मध्ये गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्यानंतर त्रिनिदादची मोरुगा स्कॉर्पियन, दक्षिण कॅरोलायनाची कॅरोलायना रीपर अशा मिरच्यांनी तिला मागे टाकलं आणि 2023 पासून ‘पेपर एक्स’ 26,93,000 एककांसह पहिली आहे. या सगळ्या एकाच कुळातल्या, ‘कॅप्सिकम चायनेन्स’ या जातीच्या किंवा तिच्या संकरातून आलेल्या. या जातीचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि कॅरिबियन बेटांच्या परिसरात. म्हणजे तिथेही पाऊस, दमट हवा आणि वादळं आहेतच.

जगातल्या जहाल मिरच्यांची घरं अशी ओल्या प्रदेशांत का असावीत, याचा एक सुंदर धागा बोलिव्हियात सापडतो. तिथे ‘कॅप्सिकम चाकोएन्स’ नावाची रानमिरची आहे. तिची काही झाडं तिखट असतात, काही अजिबात तिखट नसतात, आणि दोन्ही शेजारीशेजारी वाढतात. जोशुआ ट्यूक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं की फळात सोंड खुपसणाऱ्या ढेकणांसारख्या किड्यांनी भोकं पाडली की त्यातून फ्युजेरियम बुरशी शिरते आणि बी नासवते. कॅप्सेसिन, म्हणजे मिरची तिखट करणारं द्रव्य, या बुरशीला रोखतं. बुरशीला ओल हवी. त्यामुळे जिथे पाऊस जास्त तिथे तिखटपणा झाडाच्या कामाचा.

पण मग सगळीच झाडं तिखट का झाली नाहीत? त्याचंही उत्तर पाण्यातच निघालं. डेव्हिड हाक यांनी या मिरचीचा कोरड्याकडून ओल्याकडे जाणारा पट्टा तपासला. कोरड्या टोकाला पाचांत जेमतेम एखादं झाड तिखट होतं, ओल्या टोकाला जवळपास सगळीच. प्रयोगात पाणी तोडल्यावर तिखट झाडांना बिनतिखट झाडांच्या निम्मंच बी धरलं. पाणी भरपूर दिलं तर फरक राहिला नाही. तिखट झाडांच्या पानांवर पर्णरंध्रं जास्त होती, त्यांतून पाणीही जास्त उडून जात होतं. थोडक्यात, तिखट राहायचं तर पाणी परवडलं पाहिजे.

ही गोष्ट रानमिरचीची आहे आणि भूत जोलोकियामागे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवडही आहे, हे विसरून चालणार नाही. तरी 2005 साली प्रसिद्ध झालेलं एक भारतीय निरीक्षण इथे बोलकं आहे. हीच मिरची तेजपूरला आणि ग्वाल्हेरला वाढवून तुलना केली गेली. तापमान फारसं वेगळं नाही, पण ग्वाल्हेरला पाऊस कमी आणि हवा कोरडी. तिथल्या फळांचा तिखटपणा निम्म्याहून अधिक उतरला होता. ‘मिरचीला पाण्याचा ताण द्या, ती तिखट होते’ हा सल्ला आपण सर्रास ऐकतो. मवाळ वाणांत तो बऱ्यापैकी लागू पडतो. मुळातच जहाल असलेल्या वाणांत मात्र ताण देऊन तिखटपणा वाढल्याचं प्रयोगांत दिसलेलं नाही. कोकणातल्या माणसाने राजा मिर्चा तहानलेली ठेवण्याचं काहीच कारण नाही.

मग आषाढात झाड मरतं कशाने? गुदमरून. मुळांना श्वास लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो. मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळं एक-दोन दिवसांत काम थांबवतात. मुळं पाणी ओढेनाशी झाली की पानं लोंबतात. दिसायला ते तहानेसारखंच दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. अशा कमजोर मुळांवर ‘फायटोफ्थोरा’ टपलेलाच असतो. बुरशीसारखा हा जीव पावसाचाच. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत मातीतल्या पाण्यात पोहतात आणि मुळापर्यंत पोहोचतात. बुंध्याशी काळपट पट्टा दिसला आणि झाड दोन दिवसांत उभंच्या उभं सुकलं, तर बहुधा यानेच घात केलेला असतो.

नागा टेकड्यांवर ही मिरची उतारावर असते, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेल्या मातीत. कितीही कोसळलं तरी पाणी थांबत नाही. आपल्याकडेही हे शहाणपण आहे. गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची पावसाळ्यातच, डोंगरउतारावर, केवळ पावसाच्या पाण्यावर घेतात. ती भूत जोलोकियाइतकी जहाल नाही, पण पावसात मिरची कशी उभी करायची हे तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. सपाट भाताच्या खाचरात ती कुणी लावत नाही. आपल्याला बाल्कनीत हा उतारच निर्माण करायचा आहे.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी पसरली की निचरा सुधारतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. भौतिकशास्त्र उलटं सांगतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. केशाकर्षणाने ते मातीतच लटकून राहतं. त्यामुळे प्रत्येक कुंडीत तळाशी एक भिजट थर कायम असतो, आणि खडी टाकली की तो थर तेवढाच वर, मुळांच्या जवळ सरकतो. छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी पुरे. उपाय दोन. कुंडी पसरट नको, खोल हवी, म्हणजे भिजट थराच्या वर मुळांना भरपूर जागा राहते. बारा-पंधरा लिटरची जुनी बादली उत्तम. आणि मातीच मुळात जाडीभरडी हवी. एक वाटा माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक वाटा विटांचा जाड चुरा, जांभ्याची बारीक खडी किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. बुडाला भोकं खालीच नकोत, कडेलाही हवीत. खालची ताटली मृगाआधी काढून टाका. कुंडी विटांवर उचलून ठेवा.

मातीचा पृष्ठभाग पेंढ्याने किंवा वाळक्या पानांनी झाकणं मला खतापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. पावसाचा थेंब आपटला की मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर आणि फळांवर उडतात, त्यांच्यासोबत रोगही. फळांवर पडणारे खोलगट गोल डाग, ज्यांना शेतकरी फळकूज म्हणतात, ते असेच पसरतात. खालची वीतभर पानं काढून टाकली तर हवाही खेळते. शक्य असेल तर वर पारदर्शक पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं छप्पर करावं, बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात. बीजाणूला रुजायला पान कित्येक तास सलग ओलं लागतं, तेवढा अवधी त्याला मिळू द्यायचा नाही.

पावसाचं पाणी नत्रही धुऊन नेतं. श्रावणात पानं पिवळी पडली की ती बहुतेकदा उपाशी असतात. एकदम ओंजळभर खत घालण्यापेक्षा उघडीप मिळेल तेव्हा थोडं थोडं द्यावं. पानं आकसली तर नीट पाहावं. कडा वरच्या बाजूला वळून वाटीसारखं पान झालं असेल तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळलं असेल तर कोळी. जोराचा पाऊस फुलकिडे धुऊन काढतो, पण दमट उबेत कोळी फोफावतो, म्हणून कोकणातल्या चुरडा-मुरड्यात आधी कोळ्याचा संशय घ्यावा.

आता वारा. रोज थोडं हलणारं झाड बुटकं आणि दणकट होतं, त्याचा बुंधा जाड होतो. मॉर्डेकाय जॅफ यांनी 1973 मध्ये नुसतं बोट चोळून रोपांत हा बदल घडवून दाखवला होता. म्हणून वैशाखातल्या वाऱ्यात रोप खिडकीआड दडवू नये, आणि काठीला आवळून तर मुळीच बांधू नये. आधाराची गाठ सैल, आठाच्या आकड्यासारखी घालावी, झाडाला डुलायला बोटभर जागा राहील अशी.

चक्रीवादळाची गोष्ट निराळी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अशा वाऱ्यात कुठलाही आधार टिकत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की कुंड्या घरात घ्याव्यात. ते जमत नसेल तर कठड्यावरून खाली काढून, भिंतीच्या आडोशाला आडव्या निजवून, एकमेकींना टेकवून बांधून ठेवाव्यात. कठड्यावरची कुंडी खाली चालणाऱ्या माणसाच्या जिवावर उठू शकते, त्यामुळे इथे मिरचीपेक्षा तोच विचार आधी. पिकलेली आणि पिकत आलेली फळं आधीच उतरवून घ्यावीत.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वादळानंतर आणखी एक काम लगेच करायला हवं. वारा समुद्राचे तुषार आत खोलवर आणतो. पानावर बसलेलं मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि दोन दिवसांत कडा भाजल्यासारख्या होतात. वारा थांबताच झाड गोड्या पाण्याने वरून खाली धुवावं, मग कुंडी तिरकी करून पाणी निथळू द्यावं. मोडलेल्या फांद्या स्वच्छ कात्रीने कापाव्यात. खत मात्र तेव्हा देऊ नये. दुखावलेल्या मुळांना ते झेपत नाही. या जातीचं झाड बहुवर्षायू असतं. बुंधा शाबूत असेल तर अर्धं मोडलेलं झाडही फुटतं, उपटून टाकायची घाई नको.

आता वेळापत्रक, कारण इथेच सगळ्यात जास्त हाती लागण्यासारखं आहे. भूत जोलोकियाचं बी सावकाश रुजतं. 27 ते 30 अंशांच्या उबेतही दोन ते चार आठवडे घेतं. फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला साधारण दोन महिने जातात. एप्रिल-मेच्या उकाड्यात, रात्रीही पारा उतरत नाही तेव्हा, पराग नीट तयार होत नाही आणि फुलगळ होते. संततधारेत पराग भिजतो, पुन्हा फुलगळ. म्हणून बी माघात लावावं. जूनपर्यंत झाडाचा बुंधा लाकडासारखा होतो आणि मुळं कुंडीभर पसरतात. पावसाळ्यात झाडाने फक्त तग धरायचा. त्या महिन्यांत फळांची अपेक्षा नको, आलेल्या कळ्या खुडल्या तरी चालेल. हस्ताचा पाऊस ओसरला की रात्री निवतात, ऊन स्वच्छ पडतं आणि झाड फुलांनी भरतं. फुलं आपल्याच परागावर फळतात, वाऱ्याची झुळूक किंवा बोटाची टिचकी पुरते. थंडीभर फळं निघत राहतात.

तिखट नेमकं कुठे असतं, तेही सांगायला हवं, कारण फळ हाताळताना ते कामी येतं. बियांमध्ये कॅप्सेसिन तयार होत नाही. ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गाभ्यात बनतं. अतिजहाल मिरच्यांत मात्र फळाच्या सालीच्या आतल्या बाजूलाही तिखटाच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून गाभा काढून ती सौम्य होत नाही. तोंडात आग होते ती टीआरपीव्ही1 नावाच्या प्रथिनामुळे. एरवी 43 अंशांच्या पुढची उष्णता ओळखणारं हे दार कॅप्सेसिनने उघडतं आणि मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. 1997 मध्ये ते शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमधलं हे दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून बुलबुल तुमची लाल मिरची आरामात खाऊन जाईल. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हात आधी तेलाने आणि मग साबणाने धुवावेत, तोंड पोळलं तर दूध किंवा दही घ्यावं. कापताना हातमोजे घालावेतच आणि फोडणीत टाकताना खिडकी उघडी ठेवावी. घरात लहान मूल असेल तर झाड त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं.

पुढच्या हंगामाचं बी घरचंच धरायचं असेल तर एक काळजी घ्यावी. शेजारी लवंगी किंवा दुसरी मिरची असली तर मधमाश्या संकर घडवतात आणि पुढच्या पिढीत तिखटाचा भरवसा राहत नाही. एक-दोन फांद्या कळ्या उमलण्याआधी मलमलीच्या पिशवीत बांधाव्यात, रोज पिशवीवर हलकी टिचकी मारावी, फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधून खूण करावी. तेच फळ झाडावर पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू द्यावं, मग त्याचं बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, तारीख घालून ठेवावं.