जे सुटतं, तेच पुन्हा मिळतं!

हरसूलच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीचा वास आधी येतो आणि दुकान नंतर दिसतं! बोंबील, जवळा, सोडे... पावसाळ्यात घरात भाजी नसली की हीच सुकी मासळी भाकरीच्या मदतीला धावून येते.

हरसूल तर डोंगरातलं गाव, त्याचा समुद्राशी काय संबंध? संबंध आहे बरं का! त्र्यंबकेश्वर तालुक्यातली गोदावरी पूर्वेला जाते, पण हरसूलकडचं पाणी पश्चिमेला वाहत दमणगंगेला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. त्या समुद्रात आज काय चाललंय, ते पाहू या.

जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जवळा हा पूर्ण वाढल्यावरही इवलासाच राहणारा वेगळा जीव. सोडे मात्र कोळंबीचे, सोलून वाळवलेले. आणि ही कोळंबी राहते समुद्राच्या तळाशी. म्हणून तिला पकडायला ट्रॉलर वापरतात. ट्रॉलर म्हणजे मोठी पिशवी असलेलं जाळं तळावरून ओढत नेणारी यांत्रिक नौका. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात.

अडचण अशी, की जाळ्याला कोळंबी ओळखता येत नाही. माशांची पिल्लं, खेकडे, शंख-शिंपले, सगळंच आत जातं. कोळंबी लाखो अंडी घालते आणि लवकर वाढते, त्यामुळे ती त्यातल्या त्यात लवकर सावरते. पण अंडी घालण्याआधीच पिल्लू मेलं, तर उद्याचा मासा येणार कुठून?

समुद्री कासवाचं तर आणखी वाईट. त्याला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते गुदमरतं. रत्नागिरीतल्या वेळासच्या किनाऱ्यावर हीच कासवं अंडी घालायला येतात.

मग कोळंबी पकडूच नये का? तसं केलं तर मच्छीमारांनी खायचं काय? उपाय जाळ्यातच आहे. जाळ्यात तिरके गज बसवतात. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव मात्र गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. भारतातल्या ट्रॉलरांवर ही सोय वापरली जात नव्हती, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने आपल्या समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं.

दुसरा उपाय तुम्ही घरीच पाहू शकता. लसणाची जाळीदार पिशवी घ्या आणि लांब ताणा. भोकं मिटली ना? ट्रॉलरच्या जाळ्यातही तसंच होतं. जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. आस चौकोनी ठेवला, तर ताण पडूनही तो उघडा राहतो आणि पिल्लं निसटतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ट्रॉलरांवर ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची जाळी वापरून पाहिली गेली आहेत.

शिवाय १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर पकडायचं नाही! नियम कागदावर सोपे, पण रिकाम्या हाताने परतायची वेळ आली की पाळणं कठीण. म्हणून गिऱ्हाइकानेही साथ द्यायला हवी. आईबाबा बाजारात बोटभर पापलेट घ्यायला लागले, तर तुम्ही त्यांना थांबवा.

आणि हरसूलकडच्या दोस्तांनो, पहिल्या पावसात ओढ्यावर खेकडे पकडायला जाता ना? मोठ्या माणसांना खेकडा उलटा करून दाखवायला सांगा. मादीच्या पोटाखालच्या झापेत कधी कधी इवली इवली पिल्लं चिकटलेली दिसतात. तशी मादी मिळाली, तर तिला हळूच पाण्यात सोडून द्या. पुढच्या पावसाळ्यातले खेकडे तिच्याच पोटाशी आहेत!