पत्ता स्क्रिप्टच्या पोटात ठेवू नका

व्यापारी बांधवांनो, आता अनेक पेढ्यांवर संगणक जाणणारा एखादा मुलगा असतो. त्याने लिहिलेली ‘स्क्रिप्ट’, म्हणजे एकामागून एक पाळायच्या हुकमांची फाइल, एका आज्ञेसरशी सरकारी पोर्टलवर ई-इन्व्हॉइस पाठवते किंवा युरोचा भाव आणून देते. ज्या दारातून ही देवघेव होते त्याला एपीआय म्हणतात. प्रत्येक दाराला पत्ता असतो. तो पत्ता स्क्रिप्टच्या आतच कायमचा लिहून ठेवण्याची गफलत महागात पडते.

एक तर पत्ते बदलतात. युरोपियन सेंट्रल बँकेने २०२३ साली आकडेवारीचे नवे पोर्टल सुरू केले, तेव्हा तिच्या एपीआयचा पत्ताही बदलला. ज्याच्या दहा स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता, त्याला दहा ठिकाणी दुरुस्ती आली.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला नोंदणीकृत व्यापाऱ्यास दिलेल्या बिलासाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्याचा चाचणीचा पत्ता वेगळा, खऱ्या कामाचा वेगळा. खरी किल्ली लावलेली असताना नमुन्याचे बिल खऱ्या पत्त्यावर गेले, तर ते पोर्टलवर २४ तासांतच रद्द करता येते आणि तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. उलट, खरे बिल चाचणीत गेले तर माल रवाना होतो, पण नोंद होतच नाही.

उपाय साधा आहे. पत्ता बाहेर ठेवावा. त्यासाठी तीन जागा आहेत : आज्ञेसोबत टंकलेला पर्याय, संगणकाच्या वातावरणात ठेवलेले नाव आणि वेगळी सेटिंग फाइल. आज्ञेतला पत्ता सर्वांत वरचढ, मग वातावरणातला, मग फाइलमधला. काहीच दिले नसेल तर चाचणीचाच पत्ता धरावा.

खबरदारीही हवी. काम सुरू होण्यापूर्वी स्क्रिप्टने वापरात असलेला पत्ता पडद्यावर दाखवावा. ‘एचटीटीपीएस’ने सुरू न होणारा पत्ता नाकारावा. चाचणीची व खरी किल्ली वेगवेगळी ठेवावी. सेटिंग फाइल बदलण्याचा अधिकार भरवशाच्या माणसालाच द्यावा, कारण पत्ता भलताच असेल तर आपली किल्लीही भलत्याच्या हाती जाते.

आपल्या मुलाला एवढेच विचारा : उद्या पत्ता बदलला तर किती स्क्रिप्ट उघडाव्या लागतील? उत्तर ‘एकही नाही’ असेल तर काम पक्के समजा.