कृष्णाकाठचे यजमान

इसवी सन १७६८मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी वाईपासून कोसभर अंतरावरचे, कृष्णेच्या काठी वसलेले मेणवली हे गाव बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांस दिले. पेशवाईचे हे धोरणी कारभारी त्या गावाच्या केवळ महसुलावर संतुष्ट राहिले नाहीत; त्यांनी तेथे सहा चौकांचा वाडा उभारला, वाड्यापासून नदीच्या पात्रापर्यंत प्रशस्त दगडी घाट बांधला, घाटावर विष्णूचे आणि मेणेश्वराचे अशी देवालये उठवली, आणि त्यांच्या सान्निध्यात, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यावर मराठ्यांच्या हाती आलेली, बालयेशूला कडेवर घेतलेल्या मेरीची आकृती अंगावर असलेली, १७०७ साली ओतलेली प्रचंड पोर्तुगीज घंटा टांगली. नानांचे दप्तर याच वाड्यात राहिले, आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ते आल्यानंतर उत्तर पेशवाईच्या इतिहासाची कितीतरी पाने उजेडात आली. एवढी सामग्री एका लहान गावाच्या शिवेत एकवटलेली सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरीकडे क्वचितच आढळेल.

तथापि आज मेणवलीस जो प्रवासी येतो तो बहुधा नानांसाठी येत नाही, चित्रपटासाठी येतो. २००४ सालच्या ‘स्वदेस’मध्ये हा घाट दिसला, आणि त्या आधीच्या वर्षी ‘गंगाजल’मध्ये वाईचा परिसर दिसला, परंतु पहिल्या चित्रपटात ही भूमी उत्तर प्रदेशातील गाव म्हणून उभी राहिली, तर दुसऱ्यात बिहार म्हणून. ज्या गावाचे रूप देशभर पोहोचले त्याचे नाव मात्र पडद्याआड राहिले, ही गोष्ट मला दुःखद वाटते. प्रवासी मोटारीतून उतरतो, घाटाच्या पायऱ्यांवर छायाचित्रे घेतो, घंटेकडे मान वर करून पाहतो आणि तासाभरात पाचगणीच्या घाटाला लागतो. त्याने गावात भाकरी खाल्ली नाही, मुक्काम केला नाही, कोणा म्हाताऱ्या माणसाला चार गोष्टी विचारल्या नाहीत. मग त्या वाड्याच्या सागवानी तुळया आणि भिंतींवरची चित्रे पुढील पिढीपर्यंत टिकावीत यासाठी गावाने तरी कोणत्या बळावर झटावे?

हा प्रश्न दूरच्या एका देशात अधिक तीव्रतेने उभा राहिला होता. रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात बाराव्या शतकापासून हंगेरीच्या राजांनी सीमेच्या रक्षणार्थ जर्मन भाषा बोलणारे लोक आणून वसवले. त्यांस सॅक्सन म्हणतात. तटबंदीने वेढलेले चर्च मध्यभागी, रस्त्याच्या दोहों अंगांस एकाला एक लागून घरे, प्रत्येक घराला उंच कमानी दरवाजा आणि मागे गोठा व कोठार, अशी त्यांच्या गावांची रचना. १९८९ साली तेथील राज्यव्यवस्था कोसळताच हे लोक हजारोंच्या संख्येने जर्मनीस निघून गेले आणि आठशे वर्षांची गावे ओस पडू लागली. त्यांपैकी व्हिस्क्री या गावाचे तटबंदीचे चर्च १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले खरे, परंतु गाव वाचले ते यादीमुळे नव्हे. मिहाई एमिनेस्कू ट्रस्ट या संस्थेने गावातल्याच माणसांना चुन्याचे काम, कौलांचे काम, सुतारकाम शिकवून त्यांच्याच हातून घरे दुरुस्त करवली. पाहुण्यांची सोय हॉटेलात न करता त्याच घरांत केली. गावच्या स्त्रिया लोकरीचे मोजे विणून विकू लागल्या. ब्रिटनचे सध्याचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना तेथे एक घर विकत घेतल्याने गावाची कीर्ती वाढली. मात्र माझ्या मते त्या गावाचे खरे भाग्य राजाच्या घरात नसून गवंड्याच्या थापीत आहे.

आपल्याकडे असा प्रयोग अगदीच झाला नाही असे नाही. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेल्या, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिलार येथे, वेल्समधील हे-ऑन-वाय या ग्रंथविक्रीच्या गावापासून प्रेरणा घेऊन, राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले. आरंभी २५ ठिकाणी सुमारे १५ हजार पुस्तके ठेवण्यात आली. या योजनेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा, की त्यांतील कित्येक ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे होत. वाचक ओसरीवर बसतो, घरची माणसे आपल्या कामात असतात, आणि सहज बोलणे निघते. येथे गाव स्वतः यजमान झाले.

यजमानाला आपल्या घराची खरी माहितीही असावी लागते. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांची विहीर पाहावयास जाणाऱ्यांस ती १६४१ ते १६४६ या काळातील असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक शिलालेखातील १६४१ हा शक असून त्यातील विकारी संवत्सर इसवी सन १७१९शी जुळते. म्हणजे ही विहीर शिवपूर्वकाळातील नसून छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीतील आहे. पाऊणशे वर्षांची ही चूक एका लहानशा फलकाने दूर होण्यासारखी आहे.

आणि आता सांगलीकडे येऊ, कारण माझ्या मनातील खरी तळमळ हरिपूरची आहे. सांगलीतून चिंचेच्या झाडांमधून जाणाऱ्या रस्त्याने गेले म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव लागते. संगमेश्वराचे देऊळ आणि श्रावणातल्या सोमवारची गर्दी सर्वांच्या परिचयाची आहे. १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली येथेच जन्मले, हेही नाट्यरसिक जाणतात. परंतु ज्याला कळस नाही आणि शिलालेखही नाही, असे हरिपुराचे एक वैभव जमिनीच्या पोटात आहे. ते म्हणजे हळदीची पेवे.

येथील माती कठीण आणि घट्ट. तीत माणूस उतरेल एवढे अरुंद तोंड ठेवून खाली पोट रुंद करीत खोल पेव खणावयाचे, आतून ते कोरडे आणि स्वच्छ करून शिजवलेली, वाळवलेली हळकुंडे भरावयाची, आणि तोंड बंद करून वर माती ओढावयाची. आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड जगत नाही, आणि वर्षानुवर्षे हळदीचा रंग व वास टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे; काही तास ते मोकळे ठेवून मग पेटता कंदील खाली सोडावयाचा, आणि ज्योत टिकली तरच माणसाने पाऊल टाकावयाचे, असा रिवाज होता. शेतकरी, अडत्या, हमाल आणि पेव खणणारे कसबी कारागीर यांच्या परस्परविश्वासावर सांगलीच्या हळदपेठेची ही व्यवस्था उभी होती, कारण एकाचा माल दुसऱ्याच्या जमिनीत महिनोन्महिने गाडलेला असे.

२००५च्या पावसाळ्यात कृष्णेचा महापूर आला, पेवांत पाणी शिरले, आतली हळद कुजली, आणि व्यापाऱ्यांनी वखारी व शीतगृहांची वाट धरली. त्यानंतर २०१९ आणि २०२१ सालीही नदीने पात्र सोडले. दरम्यान २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ज्या भूमिगत साठवणीने तिची ख्याती देशभर नेली, ती विद्या जाणणारे हात आता म्हातारे झाले आहेत. वाडा पडला तर निदान जोते उरते. पेव बुजले म्हणजे वर सपाट जमीन होते, आणि खाली काय होते हे सांगणाराही काही वर्षांनी उरत नाही.

शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालीच आले आहे. त्याचा आधार घेऊन हरिपूरच्या ग्रामपंचायतीने आणि सांगलीच्या बाजार समितीने मिळून, जी पेवे अद्याप शाबूत असतील त्यांची नोंद करावी. पुराच्या रेषेबाहेरची दोन-तीन निवडून जुन्या कारागिरांच्या देखरेखीखाली प्रतिवर्षी प्रत्यक्ष हळदीने भरावीत आणि उन्हाळ्यात पाहुण्यांसमक्ष उघडावीत. पाहुण्यांचा मुक्काम व जेवण गावातल्या घरांतच असावे, आणि त्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा पेवांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. याला मोठा निधी लागत नाही. कंदील खाली सोडून दाखवील असा जाणता माणूस लागतो, आणि तो आज आहे तोवरच हे काम हाती घ्यावे, अशी माझी दोन्ही संस्थांना कळकळीची विनंती आहे.