हेडन लेकचे शेजारी

अमेरिकेच्या वायव्येला आयडाहो राज्यात, हेडन लेक गावाजवळच्या वीस एकर जागेत रिचर्ड बटलरने १९७० च्या दशकात एक चर्च उभारले. चर्चच्या नावात येशू ख्रिस्त होता. शिकवण मात्र ‘ख्रिश्चन आयडेंटिटी’ पंथाची होती. गोरे युरोपीय हेच बायबलमधील इस्राएलचे खरे वंशज, ज्यू ही सैतानाची संतती आणि बाकी वर्णांचे लोक हीन, असे हा पंथ सांगतो. अशा शिकवणीत मनातल्या रागाला देवाची आज्ञा मिळते आणि हिंसा हे पुण्यकर्म ठरते. या चर्चची राजकीय संघटना म्हणजे ‘आर्यन नेशन्स’. तिच्या वर्तुळातील काही तरुण ‘द ऑर्डर’ या सशस्त्र टोळीत गेले. या टोळीने १८ जून १९८४ रोजी डेन्व्हरमध्ये ज्यू रेडिओ निवेदक ॲलन बर्ग यांचा गोळ्या घालून खून केला.

अमेरिकेच्या राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिलेले असल्याने बटलरचे प्रवचन सरकारला बंद पाडता येत नव्हते. त्यामुळे प्रतिकाराचा भार समाजावर आला. १९८० च्या अखेरीस हेडनमधील एका ज्यू व्यावसायिकाच्या रेस्टॉरंटवर नाझी चिन्हे रंगवली गेली. त्यानंतर १९८१ मध्ये कूटनी परगण्यातील नागरिकांनी मानवी संबंधांसाठी कृतिदल स्थापन केले. वंश किंवा धर्म पाहून कुणाला धमकावणे हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा आयडाहोने १९८३ मध्ये केला, त्यामागे या दलाचा रेटा होता.

दलाचे नेतृत्व पुढे कर डलेन शहरातील कॅथलिक धर्मगुरू बिल वॉसमुथ यांच्याकडे आले. बटलरच्या शिकवणीविरुद्ध ते उघडपणे बोलत राहिले. सप्टेंबर १९८६ मध्ये त्यांच्या घरी बॉम्बस्फोट झाला. ते बचावले. पुढे धर्मगुरूपद सोडल्यावरही त्यांनी आसपासच्या राज्यांत हेच काम चालू ठेवले. क्रॉसच्या आडून द्वेष पसरवणाऱ्याला एक पाद्रीच आव्हान देतो, तेव्हा त्या द्वेषाचे धार्मिक कवच गळून पडते. पोलिसांना हे साधणारे नव्हते.

१९९८ च्या जुलैमध्ये आर्यन नेशन्सने कर डलेनमध्ये मोर्चा काढला. त्याला विरोध करायला रस्त्यावर उतरण्याऐवजी दलाने वेगळा मार्ग धरला. मोर्चा जितकी मिनिटे चालेल, त्या हिशेबाने मानवी हक्कांच्या कामासाठी लोकांकडून देणग्या घेतल्या. त्याच महिन्यात बटलरच्या पहारेकऱ्यांनी आवारावरून जाणाऱ्या एका आई-मुलाच्या गाडीचा पाठलाग करून गोळीबार केला होता. वकील मॉरिस डीस आणि स्थानिक वकील नॉर्म गिसेल यांनी त्या दोघांच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा लढवला. सप्टेंबर २००० मध्ये ज्यूरीने ६३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. बटलरचे दिवाळे निघाले आणि आवार त्याच्या हातून गेले. तिथल्या इमारती पाडून ती जमीन पुढे नॉर्थ आयडाहो कॉलेजला देण्यात आली.

विचार मात्र जमिनीबरोबर जात नाही. जून २०२२ मध्ये कर डलेनमधील समलिंगी व्यक्तींच्या मेळाव्याजवळ ‘पॅट्रियट फ्रंट’ या श्वेतवर्चस्ववादी गटाच्या ३१ जणांना अटक झाली. ही संघटना चर्चची नव्हती, पण वर्णश्रेष्ठत्वाचा दावा तोच होता. मालट्रकमध्ये चढणारे मुखवटेधारी पाहून एका नागरिकाने पोलिसांना फोन केला होता.

आयडाहोचा अनुभव सांगतो की कृत्याला शिक्षा कायद्याने द्यावी आणि पीडिताला भरपाई न्यायालयाने. पण धर्माच्या नावाने चाललेल्या द्वेषाला पहिला नकार त्याच धर्माच्या माणसांनी, भर वस्तीत, उघडपणे द्यायला हवा. तो नकार प्रत्येक पिढीला नव्याने द्यावा लागतो.