"कापूस लाल पडला, काय मारू?" : ग्रुपवर प्रश्न कसा टाकायचा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की भडगाव-पाचोऱ्याकडच्या शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. एक अंधुक फोटो आणि खाली चार शब्द: "कापूस लाल पडला, काय मारू?" मग उत्तरांचा पाऊस. एक जण एका औषधाचं नाव टाकतो, दुसरा दुसऱ्याचं, तिसरा म्हणतो "लाल्या आहे भो, आता काही होत नाही", आणि मध्येच कुणाचा तरी शुभ सकाळचा फोटो.

हा प्रश्न टाइप करणारा बऱ्याचदा स्वतः शेतकरी नसतो. पप्पा शेतात, फोन तुमच्या हातात. म्हणून हा भाग तुमच्यासाठी.

या प्रश्नाला बरोबर उत्तर देताच येत नाही. का, ते बघा. कपाशीचं पान लाल होण्याची कारणं वेगवेगळी. तुडतुड्यांनी रस शोषला की पानाच्या कडा आधी पिवळट, मग लालसर होतात आणि पान खालच्या बाजूला मुडपतं. पान उलटं केलं की हिरवट, तिरके चालणारे बारीक किडे दिसतात. लाल्या म्हणजे कीड नाही, ती विकृती आहे. बोंडांचा भार वाढला, नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, मुळाशी पाणी साचलं, रात्रीचं तापमान एकदम उतरलं, अशा कारणांनी ती येते. मॅग्नेशियम कमी असेल तर खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो. आता या दुसऱ्या प्रकारात कितीही भारी कीटकनाशक मारलं तरी पान हिरवं होणार नाही. औषधाचे पैसे गेले, फवारणीची मजुरी गेली, आठवडा गेला.

म्हणजे "काय मारू" हा मुळात प्रश्नच नव्हता. प्रश्न होता "लाल का पडतंय". प्रोग्रॅमिंगवाले याला एक्स-वाय प्रॉब्लेम म्हणतात: अडचण एक, पण माणूस स्वतःच एक उपाय मनात धरतो आणि त्या उपायाबद्दलच विचारतो. तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताहेत त्यांना हे लगेच पटेल. 2008 पासून चालू असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर "कोड चालत नाही, हेल्प करा" एवढंच लिहिलं तर प्रश्न बंद होतो. ते मागतात काय? एरर जशीच्या तशी, आणि तीच एरर परत येईल एवढा छोटा कोड. समोरच्याला तुमचा स्क्रीन दिसत नाही. तसंच ग्रुपवरच्या माणसाला तुमचं शेत दिसत नाही.

किसान कॉल सेंटरला, 1800-180-1551 वर, फोन लावून बघा. 2004 पासूनची सेवा, मराठीत बोलता येतं. तिथं उत्तराआधी जिल्हा, तालुका, पीक विचारतात. ग्रुपवर हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणच आधी लिहायचं. असं:

"भडगाव तालुका, काळी जमीन, ठिबक. बीटी कापूस, लागवड जूनच्या पहिल्या आठवड्यात. चार दिवसांपासून खालची पानं लाल, शिरा हिरव्या. पूर्ण शेतात नाही, बांधाकडं पाणी साचलं होतं तेवढ्याच भागात. पान उलटं करून पाहिलं, किडे नाहीत. दहा दिवसांपूर्वी एक फवारणी झाली, बाटलीचा फोटो जोडलाय. हा लाल्याच का, की अजून काही तपासू?"

सोबत तीन फोटो, दिवसाउजेडी, एचडीमध्ये: शेताचा, पूर्ण झाडाचा, पानाच्या खालच्या बाजूचा. हे लिहायला पप्पांना पाच गोष्टी विचाराव्या लागतील. त्या विचारता विचारताच निम्म्या वेळा उत्तर घरातच सापडतं.

"सर, एक विचारायचं होतं" एवढंच टाकून गप्प बसू नका. सरळ विचारा. आणि एकच प्रश्न पाच ग्रुपवर टाकला असेल तर तसं सांगा, नाहीतर जिथं उत्तर मिळून गेलं त्याची इतरांना खबर नसते आणि ते उगाच डोकं खाजवत बसतात.

आता उत्तर देणारे. इथं माझं मत जरा कडक आहे. माहीत नसेल तर गप्प बसा. शेतीत चुकीचं उत्तर म्हणजे नुसता वेळ वाया नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यात ग्रुपचा हात होता असं मी म्हणत नाहीये, पण "हे आणि ते मिक्स करून मार" असं लिहिताना समोर काय आहे ते आठवावं. ब्रँड नको, घटकाचं नाव लिहा. प्रमाण सांगण्याआधी पंप साधा की पॉवरचा ते विचारा, कारण पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं. बाटलीवरच्या लेबलवर पीक, कीड आणि मात्रा छापलेली असते. त्याच्या बाहेरचं काही सुचवत असाल तर तसं स्पष्ट म्हणा.

एआयचं उत्तर कॉपी करून "माझा अनुभव" म्हणून टाकणं, हे नवीन फॅड. स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर 2022 मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला मनाई केली. कारण साधं होतं: वाचायला छान, पण बरीच चुकीची.

आणि हो, "एवढं पण माहीत नाही का?" हे वाक्य. एकदा असं ऐकलेलं पोरगं पुन्हा विचारत नाही, थेट दुकानात जातं आणि काउंटरवरचा माणूस देईल ते आणतं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स ईमेलमध्ये लोकांना फाडून खाण्यासाठी प्रसिद्ध होता. सप्टेंबर 2018 मध्ये त्यानं स्वतःच्या त्या वागण्याची जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून बाजूला झाला. एवढ्या मोठ्या माणसाला जमलं, मग आपल्या ॲडमिनलाही जमेल की.

राहिली एक गोष्ट, जी जवळपास कुणीच करत नाही. आठ दिवसांनी त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहायचं: काय केलं, काय झालं. "मॅग्नेशियम सल्फेट फवारलं, साचलेलं पाणी चर काढून सोडलं, नवी पानं हिरवी आली." किंवा "काहीच फरक नाही." दोन्ही कामाचं. पुढच्या वर्षी कजगावचा एखादा पोरगा ग्रुपमध्ये "लाल" असं सर्च करेल, त्याला सात औषधांची नावं सापडावीत की ही एक ओळ?

यंदा तुमच्या ग्रुपवर अशी ओळ कुणी लिहिलेली दिसली, तर नंबर झाकून स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो.