एका वाडग्यातलं जेवण – भाग ५ : कोरियन सॅमन-भात

सोलमध्ये हान नदीच्या दक्षिण काठावर नोरयांगजिन नावाचा भाग आहे. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला शहराचा प्रसिद्ध मासळी बाजार. १९२७ साली सोल स्थानकाजवळ सुरू झालेला हा बाजार १९७१ मध्ये इथे हलला. गिऱ्हाइकाने मासा पसंत करायचा, समोर कापून घ्यायचा आणि हवं तर बाजाराच्याच इमारतीतल्या खानावळीत बसून खायचा, असा इथला रिवाज. रुळांच्या दुसऱ्या अंगाला मात्र सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या दाटीवाटीने उभ्या आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीची मुलं जशी अभ्यासिका ते मेस अशी धावतात, तशीच इथली. त्यांच्यासाठी इथल्या हातगाड्यांवर ‘कप-बाप’ आला: कागदी कपात गरम भात, वर परतलेली किमची, अंडं किंवा मांस, आणि एक चमचा. उभ्याउभ्या जेवण उरकतं आणि पोटही भरतं.

आजचा वाडगा या दोन अंगांना जोडणारा आहे: बाजारातला मासा आणि हातगाडीची घाई. भातावर काहीतरी चमचमीत पसरून एकाच भांड्यात द्यायच्या पद्धतीला कोरियन घरांत ‘डॉपबाप’ म्हणतात. त्यातला सॅमनचा प्रकार घरी, भात सोडला तर, वीस-पंचवीस मिनिटांत होतो. तो इतका झटपट होतो, कारण त्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम कुणीतरी कित्येक महिने आधीच करून ठेवलेलं असतं. त्याबद्दल पुढे बोलूच, आधी मासा.

सॅमन कोरियाला अगदीच परका नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या यांगयांग इथे नामदेचॉन नदीत दर शरद ऋतूत समुद्रातून सॅमन परततात आणि त्यानिमित्त उत्सवही होतो. पण तो ‘चम’ जातीचा, कमी चरबीचा मासा. आज सोलच्या वाडग्यात दिसणारा केशरी, तुपाळ मासा बहुतेक करून नॉर्वेच्या खाडीतल्या शेतीतून विमानाने येतो. पूर्व आशियात तो कच्चा खाण्याची चाल नवी आहे. प्रशांत महासागरातल्या जंगली सॅमनमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचे जंत असतात, म्हणून जपानी लोक तो शिजवून किंवा खारवूनच खात. १९८०च्या दशकाच्या मध्यात नॉर्वेने जपानमध्ये चिकाटीने प्रचार केला. गोळीखाद्यावर वाढलेल्या आपल्या माशात हा धोका नगण्य आहे, हे पटवायला त्यांना बरीच वर्षं लागली. जपानला पटलं, आणि पुढे शेजारच्या देशांतही ही आवड रुजली.

म्हणूनच इंटरनेटवर दिसणाऱ्या कोरियन वाडग्यांत सॅमन अनेकदा कच्चा असतो. मुंबई-पुण्याच्या घरात हे करू नये. आपल्याकडे हा मासा परदेशातून, बहुधा गोठवलेल्या तुकड्यांच्या रूपात येतो. वाटेत कुठे बर्फ सुटला आणि कुठे पुन्हा धरला, हे पाकिटावरून कळत नाही. शिवाय कच्च्या खाण्यासाठी जंत मारायचे तर मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो, आणि घरच्या फ्रीझरवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. शिजवलेला सॅमन चवीला कुठेही कमी पडत नाही.

आता त्या महिन्यांच्या कामाकडे. या वाडग्याचा जीव गोचुजांगमध्ये आहे, म्हणजे लाल मिरचीच्या आंबवलेल्या घट्ट लगद्यात. सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा करतात. त्यांना मेजू म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगल्या की पेंढ्यातले आणि हवेतले जिवाणू व बुरशी त्यावर वाढतात. वाळलेल्या मेजूची पूड, चिकट तांदळाची खळ, मोड आलेल्या जवाचं पाणी, मिरचीची पूड आणि मीठ असं सगळं कालवून मातीच्या रांजणात भरतात. उन्हाच्या दिवशी झाकण उघडं, पावसात बंद. जवातली एन्झाइमं तांदळाच्या पिठूळपणाची साखर करतात, म्हणून गोचुजांग गोडसर लागतं. सोयाबीनची प्रथिनं फुटून ग्लुटामेट मोकळं होतं, म्हणून जिभेवर ती मांसल, रेंगाळणारी चव राहते. तिखट, गोड, खारट आणि ही चौथी खोल चव एकाच चमच्यात तयार असल्यावर स्वयंपाक्याला फोडणी नको, वाटण नको, रस्सा आटवणं नको.

उत्तर जॉला प्रांतातलं सुनचांग हे गाव गोचुजांगसाठी नावाजलेलं आहे. तिथे पारंपरिक पद्धतीने ते करणाऱ्या कुटुंबांची वस्तीच वसवलेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोरियाची ही ‘जांग’ करण्याची सगळी परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आणि यातली मिरची मूळची कोरियाची नाहीच. पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बहुतेक अभ्यासकांच्या मते जपानमार्गे, पोचली. एकाच समुद्रपार पाहुणीने इकडे रेशाद-मसाला दिला आणि तिकडे गोचुजांग.

दुकानात ते लाल प्लास्टिकच्या डब्यात मिळतं. रांजणगाव-तळेगाव पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने आले, पुण्यात कोरियन कुटुंबं आणि त्यांची उपाहारगृहं आली, त्यामुळे आता ते शोधत फिरावं लागत नाही. डब्यामागची यादी जरूर वाचावी. पहिलंच नाव मक्याच्या पाकाचं असेल तर चटणीत वेगळा मध घालू नये.

भातासाठी बासमती बाजूला ठेवावा. कोरियन तांदूळ आखूड आणि चिकट असतो आणि चमच्यात गोळा धरतो. आपल्या घरातला इंद्रायणी इथे फार शोभतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण १९८७ साली आला. एक वाटी तांदूळ धुऊन पंधरा मिनिटं भिजवायचा आणि नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून शिजवायचा, मीठ न घालता. कोरियन घरात भात अळणीच असतो. खारटपणा वरच्या जिनसांकडून यायचा.

तांदूळ भिजेपर्यंत माशाचं पहिलं काम उरकतं. दोघांना अडीचशे ते तीनशे ग्रॅम सॅमन पुरतो. अर्धा लिटर पाण्यात दीड मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात तुकडे दहा मिनिटं बुडवायचे. सॅमन तापला की अंगावर पांढरा, दह्यासारखा साका येतो, तो अनेकांना नको वाटतो. ते दुसरं काही नसून स्नायूंतलं प्रथिन आहे. आच लागून स्नायू आवळतात आणि ते बाहेर ढकलतात. मिठाच्या पाण्याने वरचा थर थोडा सैल होतो आणि साका बराच कमी सुटतो. नंतर मासा पुसून अगदी कोरडा करायचा. ओला मासा तव्यावर भाजला जात नाही, नुसता वाफतो.

तव्यावर चमचाभर साधं तेल. कातडी खाली ठेवून मासा टाकला की पहिलं अर्धं मिनिट उलथण्याने हलकेच दाबून धरायचा, नाहीतर कातडी आक्रसून मधोमध वर उचलली जाते. मग मध्यम आचेवर पाचेक मिनिटं त्याला हात लावायचा नाही. बाजूने पाहिलं तर केशरी रंग खालून वर फिका होत जातो. फिका भाग दोन तृतीयांश उंचीवर आला की उलटायचा आणि आणखी दीड-दोन मिनिटं ठेवायचा. अन्नसुरक्षेसाठी मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस तापमान सांगितलं जातं. थर्मामीटर नसेल तर काट्याने दाबल्यावर पाकळ्या सुट्या झाल्या पाहिजेत आणि आत काचेसारखा ओलसर भाग दिसता कामा नये.

मासा तव्यावर असतानाच चटणी होते: एक मोठा चमचा गोचुजांग आणि सोया सॉस, व्हिनेगर, मध यांचा प्रत्येकी एक लहान चमचा, किसलेली अर्धी लसूण पाकळी. ती तव्यात घालायचा मोह होतो. गोचुजांगमध्ये साखर आणि तांदूळ दोन्ही असल्याने ते पाहता पाहता करपून कडू होतं. म्हणून गॅस बंद करून, माशाच्या मांसल बाजूवर अर्धी चटणी चमच्याने फिरवायची. तव्याची उरलेली धग तिला चकाकी आणायला पुरेशी असते. राहिलेली अर्धी भातासाठी. भाजलेल्या तिळाचं तेल अगदी शेवटी, थेंब-थेंब. त्याचा सुवास आचेवर उडून जातो. आपलं नेहमीचं तिळाचं तेल बहुधा न भाजलेल्या तिळाचं असतं, त्यात हा वास नसतो. त्यापेक्षा मूठभर तीळ खमंग भाजून कुटलेले बरे.

सोबत काकडी. पातळ चकत्यांना मीठ चोळून दहा मिनिटांनी पिळायच्या, मग त्यात व्हिनेगर, कुटलेले तीळ आणि भरड ब्याडगी मिरची. कोरियन मिरचीपूडही अशीच रंगाने भडक आणि तिखटाला बेताची असते. गिम, म्हणजे भाजलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, मिळाला तर हाताने चुरून वर घालावा. तो नेमका वाढतानाच, कारण वाफ लागली की गिम मऊ पडतं.

सॅमन महाग आहे, हे खरंच. कोकण किनाऱ्यावरचा रावस मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिरवतो. त्याचं सॅमनशी काही नातं नाही, मांस पांढरं आणि चरबी कमी. तरी या वाडग्यात तो छान जमतो, फक्त तेल थोडं वाढवायचं आणि उलटल्यावर मिनिटभर आधीच उतरवायचा. खरा मानाचा पर्याय बांगडा. त्याच्या कुळातला गोदुंगो कोरियात घरोघरी भाजला जातो. समुद्रापासून आत असलेल्या आंदोंगमध्ये तो वाटेत खराब होऊ नये म्हणून खारवून न्यायचे, आणि आज तोच खारवलेला मासा त्या गावाची ओळख आहे.

वाडगा टेबलावर ठेवूनच चमच्याने खायचा. जपानसारखा हातात उचलण्याची तिथे रीत नाही. भात उरला तर तासाभरात फ्रीजमध्ये टाकावा, बाहेर राहिलेल्या भातात विषारी जिवाणू वाढतात. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमिली मारिकोच्या सॅमन-भाताच्या व्हिडिओने एक युक्ती जगभर नेली: भातावर बर्फाचा खडा ठेवून, वर कागद झाकून मायक्रोवेव्ह करायचा. बर्फ त्या लहरी फारशा शोषत नाही, म्हणून खडा जवळजवळ तसाच राहतो. भातातली आणि खड्यावरून सुटलेली ओल मात्र कागदाखाली वाफ होऊन दाणे पुन्हा मऊ करते. माशाला ही युक्ती लावू नये. उरलेला सॅमन थंडच कुस्करून गरम भातावर घालावा, कारण दुसऱ्यांदा तापवला की तो कोरडा पडतो.

(पुढच्या आठवड्यात : जपानचा ओयाकोदोन)